बेरीच्या स्मूदीत केळं घातलं तर हृदयासाठीचा फायदा कमी होतो का?

हो, फ्लॅव्हनॉलपुरता तरी होतो. बेरी, सफरचंद, कोको यांतलं हे पॉलिफेनॉल (वनस्पतींतलं एक प्रकारचं संयुग) रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, म्हणून वाहिनी सैलावते. चिरलेलं केळं काळं पाडणारं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम नेमकं तेच मोडतं. 2023 मधल्या एका छोट्या चाचणीत केळ्याच्या स्मूदीनंतर रक्तातलं फ्लॅव्हनॉल, नुसती फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल घेतल्याच्या तुलनेत, 84 टक्के कमी भरलं. केळं आणि फ्लॅव्हनॉल आधी न मिसळता सोबत घेतलं तरी घट होतीच, म्हणजे पोटातही हे चालू राहतं. घट्टपणासाठी दही किंवा आंबा वापरा. केळं वाईट नाही, पोटॅशियम चांगलं असतं. वेगळ्या वेळी खा. कोलेस्टेरॉल कमी करणारं सिमव्हास्टॅटिन हे औषध चालू असेल तर स्मूदीत ग्रेपफ्रूट मात्र टाळा, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते.