लोकलचा प्रवास, नोकरी आणि घर सांभाळून ख्रिस्ती संतांची साधना रोज कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून फोर्टला रोजची नोकरी, घरी निवांत बसायला वेगळी खोली नाही, दिवसातून अर्धा-पाऊण तास हाताशी. ख्रिस्ती गूढवादी संतांबद्दल वाचून ओढ वाटते आहे, पण तुम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. मग यातलं रोज काय करता येईल आणि नेमकं कसं?

तुम्ही ख्रिस्ती नाही, या शंकेचं उत्तर आधी देतो. प्रार्थना करायला बाप्तिस्मा लागत नाही, चर्चमध्ये जाऊन बसायलाही कुणी अडवत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असेल तर कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत तेवढं जाऊ नका, जागेवर बसून राहा. मात्र ही साधना म्हणजे कुणाशी तरी बोलणं आणि त्याचं ऐकणं आहे. त्यातून येशूला वगळून नुसता श्वास आणि शांतता ठेवली, तर बरं वाटेल, पण तुम्ही विचारलेली गोष्ट ती राहणार नाही.

दुसरं, वाचलेलं सगळं एकदम सुरू करू नका. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: सकाळी बायबल, दुपारी ध्यान, संध्याकाळी रोझरी (जपमाळ), आणि तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही. माझ्या मते पहिले तीन महिने दोनच गोष्टी कराव्यात: लोकलमध्ये नामप्रार्थना आणि रात्री दिवसाची उजळणी.

नामप्रार्थनेचे शब्द असे: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांमध्ये ही प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे. तिचं मूळ शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातल्या, दोन माणसांच्या तोंडी सापडतं. एक यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तिमय (मार्क, अध्याय १०), दुसरा मंदिरात मागे उभा राहून छाती बडवणारा जकातदार (लूक, अध्याय १८). मठवासी लोकरीच्या गाठींची माळ वापरतात, ३३, ५० किंवा १०० गाठींची. लोकलमध्ये माळ कशाला, बोटांची पेरं पुरतात. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवून सुरुवात करा. चार बोटांची बारा पेरं झाली की एक फेरा. एका श्वासाला एकदा, श्वास आत जाताना पहिला अर्धा भाग, बाहेर येताना "मज पाप्यावर दया कर", असं म्हटलं तर एक फेरा साधारण मिनिटाभरात होतो.

ठाण्याला चढून पाय नीट टेकले की सुरू करा. पहिली पाच मिनिटं ओठ हलू द्या, गाडीच्या आवाजात कुणाच्या लक्षातही येत नाही. मग मनात. स्लो गाडीत दोन स्टेशनांमध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात. "पुढील स्टेशन, भांडुप" ऐकू आलं की एकच तपासा: मन कुठे होतं? ते हमखास ऑफिसात किंवा बिलात असणार. स्वतःला न रागावता पुढच्या पेरावर या, बस. मठातल्या घंटेचं काम इथे ती घोषणा करते, म्हणून इअरफोन काढून ठेवा. कुर्ल्याला, दादरला चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची रेटारेटी असते तेव्हा प्रार्थना सोडून द्या. बॅग पुढे घ्या, उतरणाऱ्याला वाट द्या, गाडी सुटली की पुन्हा सुरू करा. दारात उभं राहून डोळे मिटायचे नाहीत, हे सांगायला नकोच.

यात काय बिघडतं? सगळ्यात आधी वेग. आठवडाभरात शब्द एकमेकांना चिकटून नुसती पुटपुट उरते. तसं झालं की वाक्य आखूड करा: "येशू, दया कर". मग श्वास. चौदाव्या शतकातल्या ग्रीसमधल्या अॅथॉस पर्वतावरच्या साधूंच्या परंपरेत हनुवटी छातीला टेकवून, श्वास मंद करून जप करण्याच्या सूचना आहेत. इंटरनेटवर त्या सर्रास सापडतात, पण त्या गुरूच्या देखरेखीखाली करायच्या असतात. भरल्या डब्यात श्वास रोखलात तर चक्कर येईल, दुसरं काही नाही. शब्द श्वासाशी जुळवताना छाती आवळल्यासारखी वाटली तर श्वासाचा नाद सोडा, शब्द ठेवा. तिसरी अडचण "पापी" या शब्दाची. ज्यांचा स्वभाव आधीच स्वतःला कुरतडणारा आहे, त्यांनी तो काही महिने गाळावा. बार्तिमयानेही तो वापरला नव्हता.

मराठी माणसाला नामाची सवय घरातूनच असते, त्यामुळे ही साधना आपल्याला चटकन जवळची वाटते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणत. फक्त आकड्याच्या मागे लागू नका. आज पाचशे, उद्या हजार असा हिशेब सुरू झाला की समोर कुणी आहे याचा विसर पडतो.

आता रात्रीची उजळणी. मला विचाराल तर एकच काही करायचं असेल तर हे करा. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापुस्तिकेत ती दिली आहे. या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. वेळ पंधरा मिनिटं, पायऱ्या पाच, आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

आधी आभार. "आरोग्य, कुटुंब, नोकरी" असं ठोक नको, आजच घडलेल्या तीन गोष्टी: खिडकीची जागा मिळाली, डब्यात भरली वांगी होती, शेजारच्या काकूंनी पार्सल घेऊन ठेवलं. दुसरी पायरी म्हणजे दिवस खरा जसा होता तसा दिसावा म्हणून प्रकाश मागणं. ही अर्ध्या मिनिटाची, पण लोक हीच गाळतात. ती गाळली की आपणच फिर्यादी, आपणच न्यायाधीश. तिसरी, दिवस तासातासाने मागे पाहणं: उठल्यापासून स्टेशन, स्टेशनपासून ऑफिस, जेवण, साहेबांचा फोन, परतीचा प्रवास, घर. कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं? इथे बारीक पाहा. "मी वाईट बाप आहे" हे निरीक्षण नव्हे. "मुलगी चित्र दाखवत होती तेव्हा मी फोनवरून मान वर केली नाही" हे निरीक्षण. चौथी, त्याबद्दल क्षमा मागणं. पाचवी, उद्यासाठी एक निश्चय, चोवीस तासांत करता येईल एवढाच: "उद्या घरात शिरताना फोन बॅगेत." शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही येशूने शिकवलेली प्रार्थना.

जागा? जेवणं आटोपली, भांडी झाली की गॅलरीत किंवा पलंगाच्या कडेला ताठ बसा. आडवे झालात की तिसऱ्या पायरीपर्यंत झोप लागते. फारच दमलेले असाल तर उजळणी परतीच्या गाडीत मुलुंड-ठाण्याच्या सुमारास उरकून घ्या, त्यात कमीपणा नाही.

याच पुस्तिकेत एखादी ठरावीक खोड मोडण्यासाठी एक युक्ती आहे: ती चूक झाली की त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चार लोकांतही हे करता येतं, कुणाला कळत नाही, असं इग्नेशियस स्वतः सांगतात. मीटिंगमध्ये एखाद्याचं बोलणं तोडायची सवय असेल तर करून पाहा. रात्री आठवणीवर विसंबावं लागत नाही.

उजळणीतला धोका म्हणजे ती चुकांची खतावणी होणं. स्वतः इग्नेशियस स्पेनमधल्या मान्रेसा गावी असताना अपराधगंडाने जेरीस आले होते, तेव्हा हा धोका पुस्तकी नाही. चौथी पायरी दोन मिनिटांच्या पुढे जात असेल तर गजर लावा. आणि कंटाळा आला तर? त्यांचा नियम साधा आहे: मन उदास असताना वेळ कमी करायचा नाही, उलट ठरवलेल्यापेक्षा थोडं जास्तच बसायचं. पंधरा मिनिटं ठरली असतील तर सोळा. तसंच उदासीच्या काळात आधीचे निर्णय बदलायचे नाहीत. "हे आपल्याला जमत नाही" हाही त्यातलाच एक निर्णय.

तीन महिन्यांनंतर दुपारची दहा मिनिटं जोडा. तुम्ही फोर्टमध्येच आहात, हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, १७१८ पासूनचं. चर्चगेट स्टेशनचं नाव ज्या वेशीवरून पडलं ती वेस याच चर्चच्या दिशेची. डबा लवकर संपवून तिथे मागच्या बाकावर बसा, फोन फ्लाइट मोडवर. मनात एकच छोटा शब्द घ्या: "प्रभू", "ये", काहीही. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज गुरूने शक्यतो एकाक्षरी शब्द घ्या असं सांगितलं आहे. बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाचे संन्यासी जॉन मेन यांनी "मारानाथा" हा अरामी शब्द चार सारख्या मात्रांत म्हणायला शिकवलं. मलायात असताना त्यांना मंत्रजप शिकवला होता तो एका हिंदू स्वामींनी! शब्दाच्या अर्थावर विचार करायचा नाही, विचार आला की शब्दाकडे परत. पूर्ण सराव सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटांचा असतो. पण सुरुवात दहाने करा, आणि आज काही "जाणवलं" का हे उठल्यावर तपासत बसू नका.

रविवारी वेळ असेल तर बायबलचं संथ वाचन. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठाधिपतींनी त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं थांबणं. सहा ते दहा ओव्या, त्याहून जास्त नाही. हलक्या आवाजात दोनदा वाचा. जो शब्द अडवेल तिथे थांबा, तो घोळवा, त्यावरून जे बोलावंसं वाटेल ते बोला, मग गप्प राहा. टीपा आणि भाष्य त्या वेळी उघडलंत की त्याचा अभ्यासवर्ग होतो. स्तोत्रसंहितेपासून, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकापासून, सुरुवात केलीत तर एक लक्षात ठेवा: जुन्या कॅथलिक यादीत बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो. मेंढपाळाचं स्तोत्र मराठी बायबलमध्ये २३ वं, तिथे २२ वं.

घरात स्वयंपाकाची पाळी तुमच्याकडे असेल तर सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेल संघाच्या मठात स्वयंपाकी असलेले ब्रदर लॉरेन्स तुमच्या कामाचे. वेगळी वेळ काढायची नाही. कांदा चिरताना, कुकरची शिट्टी झाल्यावर, हातातल्या कामावरच अर्ध्या वाक्यात देवाशी बोलायचं. वाचायला हे सगळ्यात सोपं, करायला सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी ठेवलं.

काही महिन्यांनी गोडी जाईल. ती जातेच. स्पेनचे संत योहान ऑफ द क्रॉस यांनी त्याची तीन लक्षणं सांगितली आहेत: प्रार्थनेत गोडी नाही आणि बाहेरच्या गोष्टींतही नाही, देवापासून दूर जात आहोत ही चिंता सतत, आणि पूर्वीसारखं मनन जमेनासं होणं. तिन्ही एकत्र असतील तर शब्द कमी करा, नुसतं बसा. पण झोप उडाली, जेवण जात नाही, ऑफिसला जाणं जड झालं, जगणं नकोसं वाटतं, अशी स्थिती असेल तर तिला साधनेची काळी रात्र (गोडी जाण्याच्या या काळाला योहानांनी दिलेलं नाव) म्हणून गोंजारत बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा फोन नंबर १४४१६ आहे.

याच टप्प्यावर मार्गदर्शक लागतो. घराजवळच्या चर्चच्या ऑफिसात आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी जा. रविवारी मिस्सानंतर फादरांभोवती लग्न-बाप्तिस्म्याच्या कागदांची गर्दी असते. उजळणी आणि मूक प्रार्थना शिकवणारं कुणी, जेझुइट फादर किंवा सिस्टर, माहीत आहे का, एवढंच विचारा. महिन्यातून एकदा भेट पुरते. जाताना महिन्याभरातल्या उजळण्यांमधून पुन्हा पुन्हा वर आलेल्या तीन-चार गोष्टी कागदावर लिहून न्या, नाहीतर अर्धी भेट आठवण्यातच जाते.