घरात काही कमी नाही, तरी आई खंगत का चालल्यात?

‘जेवणखाण वेळेवर, औषधं वेळेवर, स्वतंत्र खोली, टीव्ही. कुठल्या कामाला हात लावू देत नाही आम्ही. तरी आई दिवसेंदिवस गप्प होत चालल्यात.’ सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुला-सुनांची ही नेहमीची काळजी. सांगलीत विश्रामबागला राहणारी एक सूनही हेच सांगत आली होती. तिच्या आणि सासूबाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

आजींचं वय ७६. सगळा जन्म तासगाव तालुक्यातल्या एका गावात गेलेला. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना सांगलीला फ्लॅटवर आणलं. वर्षभरात जेवण निम्म्यावर आलं, गुडघे धरले, पहाटे तीनला झोप मोडायला लागली. गॅसवर दूध ठेवलेलं दोनदा विसरल्या, तेव्हा मुलगा घाबरला.

मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, चालू गोळ्यांचे परिणाम यांनीही माणूस असाच मंदावतो आणि त्यांवर उपचार असतात. ‘वय झालं’ म्हणून हे सोडून देऊ नये. आजींच्या तपासण्यांत विशेष काही निघालं नाही.

मग एकट्या आजींशी बोलले. ‘गावाकडे दिवस कसा जायचा?’ एवढंच विचारलं. हंगामात त्या आळीतल्या बायकांबरोबर बेदाणा निवडायला बसायच्या. ‘डागी मणी माझ्या नजरंतनं सुटायचा न्हाई,’ म्हणाल्या, आणि सांगता सांगता उजव्या हाताची बोटं मांडीवरच्या पदरावर भराभर चालायला लागली. खडा बाजूला, काडी बाजूला. मग हात थांबला. ‘सून चांगली हाय हो. पण हितं माझी वाट कोण बघतंय?’

सगळं दुखणं मला या प्रश्नात दिसलं. मुलगा-सून त्यांची सेवा करत होते, पण त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसाला प्रेमापोटी कामातून मोकळं करतो आणि त्याबरोबर त्याचं माणसांतलं स्थानही काढून घेतो, हे मी घरोघरी बघते.

माणसांत जाणं म्हणजे नुसता विरंगुळा नव्हे. त्यासाठी अंघोळ करून नीट साडी नेसावी लागते, जिना उतरावा लागतो, चालावं लागतं. कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवून उत्तर द्यावं लागतं, नावं आठवावी लागतात. शरीर आणि मेंदू दोन्ही कामाला लागतात. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दिसलं होतं, की ज्यांची माणसांशी नाती घट्ट आहेत त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत एकाकीपण आहे आणि ऐकू कमी येणंही आहे.

हे दुसरं कारण आजींच्या बाबतीत महत्त्वाचं ठरलं. कॉलनीतल्या देवळात मंगळवारी-शुक्रवारी भजन असतं. सुनेने एकदा नेलं होतं, पण ‘मला न्हाई करमत’ म्हणून आजी पुन्हा गेल्या नाहीत. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बायका हसल्या की आपल्यालाच हसतात असं त्यांना वाटायचं, कारण बोलणं नीट ऐकूच यायचं नाही. घरात टीव्हीचा आवाज मोठा असायचा, पण त्याचा अर्थ कुणी लावला नव्हता.

कानाचं मशीन आलं आणि थोड्याच दिवसांत कपाटात गेलं. भांड्यांचा आवाज डोक्यात घुसतो, ही तक्रार. असं बहुतेकांचं होतं. तपासणाऱ्या ताईंकडून आवाज पुन्हा जुळवून घेतला आणि सुनेला सांगितलं, रोज दुपारी तासभर मशीन लावून फक्त तुम्ही दोघी बोला, मग हळूहळू वेळ वाढवा.

भजनाला पाठवण्याआधी मंडळातल्या एका बाईंना चहाला घरी बोलवायला सांगितलं. अनोळखी घोळक्यात जाण्यापेक्षा एका ओळखीच्या माणसाबरोबर जाणं सोपं. त्या बाईंनीच विचारलं, ‘काकू, फुलवाती वळता येतात का?’ आता देवळातल्या फुलवातींचं काम आजींकडे आहे.

मुलाची धास्ती वेगळी होती: बाहेर पडल्या आणि पडल्या तर? ही भीती खोटी नाही. पण सतत बसून राहिल्याने मांड्यांतली ताकद आणि तोल जातो, आणि पडण्याचा धोका घरातही वाढतो. म्हणून चांगली पकड असलेली चप्पल, काठी, जिन्यात नीट उजेड आणि सुरुवातीला सोबत, एवढं केलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत असतो, त्यामुळे आजी अधूनमधून नातवाला घेऊन गावाकडच्या मैत्रिणींना भेटून येतात.

गुडघे अजून दुखतात. विसरणंही थोडं आहे, त्यासाठी डॉक्टरांकडे नियमित तपासणी चालू ठेवली आहे. पण झोप सुधारली आणि जेवण पूर्वीसारखं झालं. सुनेने पोळ्या लाटायचं काम सकाळपुरतं त्यांना परत दिलं, ते मला सगळ्यात आवडलं.

घरात बोलायला कुणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे. फोन मोफत आहे.