केजन म्हणजे अकेडियनच, पण मधली तीस वर्षं विसरू नका

तुमचा प्रश्न असा: १७५५ मध्ये इंग्रजांनी कॅनडातल्या अकेडियन लोकांना जहाजांत कोंबून लुइझियानात (अमेरिकेच्या दक्षिणेत) नेऊन सोडलं आणि तेच तिथले आजचे केजन, हे बरोबर का?

दुसरा अर्धा भाग बरोबर, पहिला चूक. १७५५ च्या त्या जहाजांपैकी एकही लुइझियानाला गेलं नाही. लुइझियाना तेव्हा फ्रेंचांकडे होती, शत्रूला आयती माणसं कोण नेऊन देईल? इंग्रजांना हे लोक मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या इंग्रज वसाहतींत थोडेथोडे पांगवून टाकायचं होतं, म्हणजे पुन्हा एकत्र यायला नकोत.

नावाचं मात्र सोपं आहे. फ्रेंच ‘अकादियँ’चा आधीचा स्वर गळून ‘कादियँ’ झालं आणि इंग्रजी तोंडात त्याचं ‘केजन’. द-य चा ज होणं आपल्याला नवं नाही, ‘अद्य’चं ‘आज’ तसंच झालंय.

आता हे लोक कोण? अकेडिया म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरची फ्रेंच वसाहत. तिचं पोर्ट-रॉयल हे ठाणं १६०५ चं, पण शेतकरी कुटुंबं पश्चिम फ्रान्समधून आली ती मुख्यतः १६३० नंतर. त्यांनी जंगल फारसं तोडलं नाही, फंडीच्या उपसागराकाठची खारट दलदल बांध घालून लागवडीखाली आणली. तिथली भरती काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत चढते! बांधाच्या तळाशी लाकडी नळ आणि त्यात एकाच बाजूला उघडणारी झडप, याला ते ‘अबोइतो’ म्हणत. ओहोटीला आतलं गोडं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती दाबून बंद करतो. गोव्यातल्या खाजणाची (खाऱ्या बांधशेतीची) मानस, म्हणजे पाण्याची झडप, ज्यांनी पाहिलीय त्यांना हे चटकन कळेल. दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन गेलं की उत्तम गव्हाची जमीन. मूळच्या मिगमाक लोकांच्या शिकारीच्या रानावर फारसा घाला आला नाही, हेही त्यांच्याशी बरं जमण्याचं एक कारण.

१७१३ च्या उत्रेख्त तहाने हा मुलूख ब्रिटनकडे गेला. राजनिष्ठेची शपथ घेऊ, पण फ्रान्सविरुद्ध शस्त्र धरणार नाही, एवढीच त्यांची अट. १७३० मध्ये गव्हर्नरने ती तोंडी मान्य केली, कागदावर नाही. पुढे इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटलं आणि तिथला इंग्रज कारभार पाहणाऱ्या चार्ल्स लॉरेन्सने बिनशर्त शपथ मागितली. नकार मिळाल्यावर २८ जुलै १७५५ ला हॅलिफॅक्समध्ये हद्दपारी ठरली. ५ सप्टेंबरला ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये ४१८ पुरुष आणि मुलगे बोलावून कोंडले.

शपथ हे कारण होतंच, पण माझ्या मते जमिनीचा मोहही कमी नव्हता. ती पुढे न्यू इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांना वाटली. १७५९ च्या वादळात बांध फुटलेले होते आणि नव्या मालकांना ते दुरुस्त करता येईनात. शेवटी कैदेतल्या अकेडियनांनाच कामाला लावलं. आपल्याच आजोबांच्या बांधावर मजुरी!

लुइझियानाची वाट वेगळी आणि लांबची. इंग्रजांशी गनिमी काव्याने लढलेला जोसेफ ब्रूसार, ऊर्फ बोसोलेई, सुटकेनंतर सुमारे २०० जणांना घेऊन १७६५ मध्ये तिथे पोहोचला आणि त्याच वर्षी वारला. दुसरी तऱ्हा त्याहून विचित्र: व्हर्जिनियाने उतरवून घ्यायला नकार दिलेले लोक इंग्लंडच्या बंदरांत सात वर्षं अडकले, देवीने कित्येक मेले. १७६३ मध्ये उरलेले फ्रान्सला पाठवले, तिथेही त्यांचा जम बसला नाही. अखेर १७८५ मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून सुमारे १,६०० जण लुइझियानात गेले, कारण तोवर ती स्पेनकडे आली होती. म्हणजे केजन हे बव्हंशी स्वतःहून तिथे गेलेल्यांचे वंशज, शिवाय त्यात जर्मन, स्पॅनिश वगैरे बरेच मिसळले.

आणि सगळे गेलेही नाहीत. १७६४ पासून परतायची मुभा मिळाली, पण जुन्या शेतांवर दुसरेच बसलेले. मग न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर शेतकऱ्यांचे कोळी झाले. त्यांच्या वंशजांनी १८८१ मध्ये १५ ऑगस्ट हा राष्ट्रीय दिवस ठरवला, १८८४ मध्ये फ्रेंच तिरंग्यावर सोनेरी तारा घालून झेंडा केला आणि १९६३ मध्ये आपलं विद्यापीठ मिळवलं. ते आहे माँक्टनला. हे शहर ज्याच्या नावावरून ओळखलं जातं तो रॉबर्ट माँक्टन म्हणजे १७५५ मध्ये शिग्नेक्टो भागातली अकेडियन गावं रिकामी करवणारा इंग्रज अधिकारी.