ब्रेक्झिट चालू होतं तेव्हा ब्रिटनमधले साधे लोक खरंच एवढे जोक मारायचे का?

प्रश्न असा आहे की ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडत होतं त्या काळात तिकडची सामान्य माणसं खरंच एवढी थट्टा करत होती की ते सगळं फक्त ट्विटरवरचं होतं, आणि आता शिकायला जाताना तिकडच्या लोकांसमोर हा विषय काढला तर चालेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: काढा, पण "तुम्ही मत कुणाला दिलंत" हे चुकूनही विचारू नका. बाकी काय वाट्टेल ते विचारा.

मी मूळची कुडाळची. त्या सगळ्या वर्षांत इंग्लंडमधल्या स्विंडनला राहत होते आणि एका माल साठवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचे, म्हणजे कुठला ट्रक कुठून आला, किती पॅलेट (माल रचायच्या लाकडी फळ्या) उतरली, बिल कुणाला लावायचं, असलं. कँटीनमध्ये आमच्यासोबत फोर्कलिफ्टवाले, ड्रायव्हर, सुपरवायझर सगळे एकत्र बसायचे. त्यामुळे मी जे सांगतेय ते लंडनच्या पुस्तकी लोकांचं नाही, स्विंडनने सुमारे 55 टक्के "बाहेर पडा" म्हणून मत दिलं होतं त्या गावातलं आहे.

आधी एक गोष्ट जी इकडे फारशी कुणाला माहीत नसते. 23 जून 2016 च्या त्या सार्वमतात मलाही मत होतं! भारतीय पासपोर्ट, व्हिसावर आलेली बाई, आणि मला घरपोच कार्ड आलं, कारण तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मतदार यादीत नाव घालता येतं. आणि माझ्या टीममधली पोलंडची मैत्रीण, जी माझ्या कितीतरी आधीपासून तिथे राहत होती, टॅक्स भरत होती, मुलं तिथल्या शाळेत, तिला मत नाही. युरोपियन युनियनवाल्यांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांना होतं. त्याहून मोठी गंमत आमच्या गोंयकारांची. स्विंडनला गोव्याची माणसं खूप आहेत, बहुतेक पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, म्हणजे 1961 च्या आधी आजोबा-वडील पोर्तुगीज राज्यात जन्मले म्हणून ते नागरिकत्व मिळालेली. त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला, युरोपियन झाले, आणि त्याच कारणाने मत गेलं. शेजारची मडगावची काकू मला म्हणाली, "तुका मत आसा आनी म्हाका ना? ही खंयची रीत गो?" माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, ज्या सरकारने हे ठरवलं त्यांच्याकडे तरी होतं की नाही देव जाणे.

मतदानाला गेले तर बोटाला शाई नाही, ओळखपत्र कुणी मागितलं नाही, नाव सांगितलं की कागद हातात, आणि फुली मारायला दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. आपल्याकडच्या माणसाला ते बघूनच धडकी भरते. तिथल्या काही लोकांनाही भरली, "पेन्सिलने केलेलं सरकार खोडून टाकेल, आपापलं पेन न्या" अशी मोहीमच चालली होती. मी फुली कुठे मारली ते सांगणार नाही. त्या देशात राहून एवढं एक शिकले.

आता जोक. हो, खरंच मारायचे, आणि रोज मारायचे, पण ते का मारायचे हे मला समजायला वेळ लागला. आपल्याकडे राजकारणावर भांडण झालं की आवाज चढतो, मग कुणीतरी चहा सांगतो आणि मिटतं. तिकडे आवाज चढवणं म्हणजे गुन्हा. 51.9 विरुद्ध 48.1 असा निकाल, म्हणजे टेबलावर चार माणसं बसली तर दोन इकडची दोन तिकडची असणार, आणि चौघांना रोज एकत्र काम करायचंय. मग बोलायचं काय? सरकारच्या गाढवपणाबद्दल. तो एकच विषय होता ज्यावर बाहेर पडा म्हणणारे आणि राहा म्हणणारे दोघंही पोट धरून हसू शकत होते.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे फेरीबोटीचं. युरोपियन युनियनशी करार न होताच बाहेर पडलो तर फ्रान्सकडे जाणाऱ्या डोव्हर बंदरावर ट्रक तुंबतील, म्हणून वाहतूक मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी 2018 संपता संपता जादा बोटींची कंत्राटं दिली, त्यातलं 1 कोटी 38 लाख पौंडांचं एक सीबोर्न फ्रेट नावाच्या कंपनीला. कंपनीकडे बोट नव्हती. एकही नाही. वर तिच्या वेबसाइटवरच्या अटी-शर्ती घरपोच जेवण देणाऱ्या हॉटेलाकडून उचलल्यासारख्या होत्या, ऑर्डर नीट तपासून मगच पैसे द्या वगैरे. मंत्रीसाहेब म्हणाले नव्या ब्रिटिश धंद्याला हातभार लावला याची मी माफी मागणार नाही. फेब्रुवारीत ते कंत्राट रद्द झालं, आणि निविदा प्रक्रियेवरून कोर्टात गेलेल्या युरोटनेलला (समुद्राखालचा बोगदा चालवणारी कंपनी) 3 कोटी 30 लाख पौंड देऊन मिटवावं लागलं. आमच्या कँटीनमध्ये पुढे कित्येक महिने कुणी काही मागितलं आणि ते नसलं की उत्तर ठरलेलं, "बोट येतेय". प्रिंटरमध्ये शाई नाही, बोट येतेय. दूध संपलंय, बोट येतेय. आमचा सुपरवायझर पक्का बाहेर पडावाला, तोच सगळ्यात जोरात हसायचा, कारण त्याच्या मते या लोकांना साधं बाहेर पडणंही जमत नाही. अकाउंट्समधली बाई राहावाली, ती हसायची कारण तिच्या मते हे असंच होणार होतं. जोक तोच, हसायची कारणं एकदम उलटी, आणि दोघांनी एकमेकांना कारण कधी विचारलं नाही.

2019 च्या जानेवारीत डोव्हरजवळ केंटमध्ये मॅन्स्टन नावाच्या जुन्या विमानतळावर ट्रक तुंबण्याची रंगीत तालीम ठेवली होती. हजारो ट्रकचा गोंधळ होणार त्याची तालीम, आणि आले किती तर 89. आमचे ड्रायव्हर म्हणाले एवढे तर डोव्हरच्या रस्त्यावर डुलक्या काढत पडलेले असतात.

15 जानेवारी 2019 ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपियन युनियनशी केलेल्या करारावर पार्लमेंटात मतदान होतं. ऑफिसात एकेक पौंडाची पैज लागली, किती मतांनी हरणार यावर, हरणार की नाही यावर नाही, ते सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. 432 विरुद्ध 202. म्हणजे 230 मतांनी, आधुनिक काळात तिथल्या कुठल्या सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. एवढा मोठा आकडा कुणी लिहिलाच नव्हता म्हणून जमलेल्या पैशांची बिस्किटं आणली. मग मार्चमध्ये तोच करार परत आणला, हरल्या, परत आणला, परत हरल्या. मध्येच खासदारांनी म्हटलं की आम्हीच ठरवतो काय हवंय ते, आठ पर्यायांवर मतदान घेतलं आणि आठही पाडले. मग 1 एप्रिलला (तारीख मुद्दाम सांगतेय) चार पर्याय ठेवले, तेही चारही पाडले, आणि त्या चर्चेच्या मध्ये हवामान बदलावर निदर्शनं करणारी मंडळी जवळजवळ उघडी होऊन प्रेक्षक गॅलरीच्या काचेला चिकटून उभी राहिली, पाठमोरी. त्यानंतर तीन दिवसांनी सभागृहात छतातून पाणी गळायला लागलं म्हणून कामकाज थांबवलं. हे मी रचून सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की बाई अतिच करते.

आम्हा गोडाऊनवाल्यांसाठी मात्र तारीख पुढे जाणं ही नुसती बातमी नव्हती. 29 मार्चला बाहेर पडणार म्हणून गिऱ्हाइकांनी आधीच माल भरून ठेवलेला, रॅक छतापर्यंत, जाण्यायेण्याच्या वाटेतसुद्धा पॅलेट. मग तारीख 12 एप्रिल झाली. मग 31 ऑक्टोबर, म्हणजे हॅलोवीन, भुताखेतांचा दिवस. तो माल उन्हाळाभर आमच्या डोक्यावर, भाडं चालू, मग शरद ऋतूत पुन्हा नवा माल. पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी "ब्रेक्झिटला उरलेले दिवस" लिहायला सुरुवात केली होती, तारीख बदलली की आकडा खोडून नवा, शेवटी तिथे नुसतं "होईल तेव्हा होईल" लिहून ठेवलं आणि ते कुणी पुसलं नाही. मग 31 ऑक्टोबरही हुकली. ती तारीख छापलेली 50 पेन्सची नाणी सरकारला वितळवावी लागली, आणि "ब्रेक्झिटसाठी तयार राहा" या सरकारी जाहिरातींवर 4 कोटी 60 लाख पौंड गेले ते गेलेच.

बाबा कुडाळहून फोन करून मला छळायचे. सप्टेंबरात तिथल्या सुप्रीम कोर्टाने नवे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट बंद ठेवणं बेकायदा ठरवलं, अकराच्या अकरा न्यायाधीशांनी, तेव्हा बाबा म्हणाले, "दीडशे वर्षं आम्हाला राज्य कसं करायचं शिकवत होते ना हे?" मी गप्प. पण नोव्हेंबरात आपल्याकडे तो पहाटेचा शपथविधी झाला, लोक दात घासेपर्यंत मुख्यमंत्री आले आणि चौथ्या दिवशी राजीनामा देऊन गेलेसुद्धा, त्यातही सुप्रीम कोर्टच. त्यानंतर बाबांचे फोन हवापाण्यावर आले.

हे सगळं वाचून वाटेल की काय मजेत होती माणसं. तर तसं नाही. निकालानंतर थोड्याच दिवसांनी कँटीनमध्ये एकाने पोलंडच्या मैत्रिणीला हसत हसत विचारलं, "मग, बॅग भरली का?" ती हसली. सगळे हसले. पुढच्या वेळी दुसऱ्याने विचारलं, तेव्हाही हसली. मग हळूहळू ती डबा गाडीत बसून खायला लागली. कुणी वाईट नव्हतं त्यात, विचारणारा माणूस तिची शिफ्ट घ्यायचा, मुलांना शाळेत सोडायचा, पण त्याच्यासाठी तो जोक होता आणि तिला ते रोज घरी जाऊन नवऱ्याशी बोलायचं होतं. बोटीच्या जोकवर सगळे हसू शकत होते कारण बोट कुणाच्याच घरची नव्हती.

गोंयकारांचंही तेच. वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांना आता राहायची परवानगी मागायची, अर्ज करायचा. आधी 65 पौंड फी ठेवली होती, मग ओरड झाल्यावर काढली. पासपोर्ट स्कॅन करायचं अ‍ॅप 2019 च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त अँड्रॉइडवर चालायचं. म्हणजे आयफोनवाल्याने दुसऱ्याचा फोन मागायचा नाहीतर पासपोर्ट पोस्टाने पाठवायचा. माझा जुना सॅमसंग आमच्या गल्लीतल्या निम्म्या गोव्याने वापरला असेल. काकू पासपोर्ट फोनखाली धरून बसायची, तो वाचला जायचा नाही, मग ती फोनलाच कोकणीतून शिव्या द्यायची, आणि मला हसू यायचं आणि हसताही यायचं नाही कारण तिचे हात थरथरत असायचे. मिळाली तिला परवानगी शेवटी.

एवढ्यासाठीच सुरुवातीला तसं सांगितलं. बाहेरून आलेल्या माणसाने "तुम्ही मत कुणाला दिलंत" विचारलं की समोरच्याला वाटतं हा हिशेब मांडतोय, आपल्यामुळे याचं काय झालं ते सांगणार. मग तो एकदम हवामानावर घसरतो.

आणि त्या सगळ्याचा शेवट? 31 जानेवारी 2020 ला रात्री अकराला बाहेर पडले. बिग बेनची दुरुस्ती चालू होती, एकदा टोल वाजवायचा तर खर्च 5 लाख पौंड, लोकांनी वर्गणी काढली, तरी पुरली नाही, शेवटी टोल रेकॉर्डवरून वाजवले. दुसऱ्या दिवशी कामावर काहीही बदललं नव्हतं, कारण वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम. खरे कागद आले 1 जानेवारी 2021 पासून, तोवर कोविडने सगळ्यांचं डोकं दुसरीकडे, जोक मारायला कँटीनमध्ये कुणी नाही, आणि मी घरी बसून एकेका ट्रकसाठी कस्टम्सचे असे फॉर्म भरतेय जे आधी कधी लागलेच नव्हते. त्याच जानेवारीत डच टीव्हीवर एक क्लिप आली, बंदरावरचा कस्टम्स अधिकारी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरचं हॅम सँडविच काढून घेतोय, मांस आणता येत नाही म्हणून. ड्रायव्हर म्हणतो निदान पाव तरी ठेवू का, तर तो म्हणतो नाही, ब्रेक्झिटमध्ये स्वागत आहे साहेब, सॉरी. आमच्या ड्रायव्हरांनी ती क्लिप ग्रुपवर इतक्या वेळा टाकली की मी ग्रुप म्यूट केला. तुम्हाला विषय काढायचाच असेल तर त्या सँडविचपासून काढा, त्यावर दोन्हीकडचे लोक बोलतात. आणि युरोपात फिरायला गेलात तर तुमच्यासोबत युरोपियन युनियनबाहेरच्यांच्या पासपोर्ट तपासणीच्या रांगेत ब्रिटिश कुटुंबं उभी दिसतील, त्यातला एखादा काका स्वतःहून सुरू होईल, तुम्ही फक्त मान डोलवा.