तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : फॅमिली डॉक्टरांची वेळ

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह असून सकाळी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. आम्ही ज्या डॉक्टरांकडे माझ्या लहानपणापासून जातो, त्यांच्या दवाखान्यात पूर्वी कंपाउंडरकडे नाव सांगून नंबर लावता येत असे. आता मोबाइलवरून ऑनलाइनच वेळ घ्यावी लागते, आणि संध्याकाळी सातची वेळ मिळाली तरी आत जायला साडेआठ होतात. मध्येच औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी (एमआर) आत जाऊन येतात. डॉक्टर मनाने फार चांगले आहेत, त्यांना दुखवायचे नाही. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी इन्सुलिनविषयी, कारण ते सर्वांत महत्त्वाचे आहे. सातची वेळ आहे, आठपर्यंत घरी येऊ आणि जेवू, या हिशेबाने घरी इन्सुलिन टोचून दवाखान्यात जाऊन बसणे धोक्याचे आहे. जेवण लांबले की साखर झपाट्याने खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि या वयात माणूस तिथल्या तिथे कोसळूही शकतो. जेवणाची वेळ नक्की असल्याशिवाय इन्सुलिन घेऊ नये आणि वडिलांच्या खिशात ग्लुकोजची पुडी किंवा तीन चमचे साखर कायम असावी. अशी लक्षणे दिसताच ती द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. डॉक्टरांना हे कारण सांगून सकाळची, न्याहारीनंतरची वेळ मागा. ही सवलत नव्हे. वेळ ठरवणे हा वडिलांच्या उपचाराचाच भाग आहे.

आता खोळंब्याविषयी. मोबाइलवरच्या यादीत प्रत्येक रुग्णाला सारखीच मिनिटे मिळतात. पण कोणी सर्दीची गोळी घेऊन दोन मिनिटांत बाहेर येतो, तर कोणी फाइल, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि घरातली काळजी असे सगळेच बरोबर घेऊन आलेला असतो. जुन्या पद्धतीत गर्दी होती, गोंधळही होता, परंतु कंपाउंडरला माणसे ठाऊक असत आणि कोणाला किती वेळ लागेल, कोणाला आधी आत सोडायचे, हे तो चेहरा पाहून ठरवत असे. ते जाणतेपण यादीत उतरलेले नाही, म्हणून ती माहिती आता आपणच पुरवायला हवी. वेळ घेताना दवाखान्यात फोन करून ‘रिपोर्ट दाखवायचे आहेत, औषधे बदलायची आहेत, जास्त वेळ लागेल’ असे स्पष्ट सांगा, शक्यतो सत्रातली पहिली वेळ मागा, आणि घरातून निघण्यापूर्वी कितवा नंबर सुरू आहे हे विचारा. वडिलांना स्वतःला मोबाइल जमत नसेल, तर ज्येष्ठांसाठी फोनवरून नाव नोंदवण्याची सोय चालू ठेवावी, अशी विनंती डॉक्टरांना चिठ्ठी लिहून करा. स्वागतकक्षातल्या मुलीशी वाद घालून काही साधणार नाही, कारण नियम तिने केलेले नाहीत.

एमआरबाबत माझे मत ठाम आहे. रुग्ण बाहेर ताटकळत असताना त्यांना आत घेणे योग्य नाही. त्यांची भेट सत्र संपल्यावर व्हावी. हे नम्रपणे सांगितल्याने चांगला डॉक्टर दुखावत नाही.

आणि कंटाळून डॉक्टर बदलू नका, असेही मी आग्रहाने सांगेन. रक्तदाबाच्या कोणत्या गोळीने वडिलांच्या पायांना सूज आली होती, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन गेल्या काही वर्षांत कसे हळूहळू वाढत गेले, हे ज्याने स्वतः पाहिले आहे त्याची जागा नव्या दवाखान्यातला कितीही हुशार डॉक्टर पहिल्या भेटीत घेऊ शकत नाही.

प्रश्न : आमचे डॉक्टर व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाहून औषध सांगतात. हे नियमात बसते का? आणि त्याची फी मागितली तर? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बसते. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा संदेश यांपैकी कोणत्याही मार्गाने सल्ला देऊ शकतात आणि त्यासाठी फी घेऊ शकतात. फीची पावती मात्र द्यावी लागते. त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत तुम्ही त्यांना प्रत्यक्ष भेटला असाल, तर तो पाठपुरावा मानला जातो. आजार नवा असेल किंवा सहा महिने उलटून गेले असतील, तर ती पहिली भेट ठरते आणि दूरवरून कोणती औषधे लिहिता येतील यावर अधिक बंधने येतात. अल्प्राझोलामसारखी (हे चिंता कमी करणारे औषध आहे) अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे अशी लिहून देता येत नाहीत, म्हणून त्यांसाठी डॉक्टरांनी नकार दिला तर राग मानू नये. औषध लिहून दिले असेल, तर नोंदणी क्रमांक आणि सही असलेल्या चिठ्ठीचा फोटो मागून घ्या. ‘ती पांढरी गोळी दोनदा’ एवढ्यावर औषध आणू नये. तुमच्या बाजूने एकाच संदेशात रुग्णाचे नाव, वय, चालू औषधे आणि नेमका प्रश्न लिहा. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे यांसाठी संदेश पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.

प्रश्न : आमचे डॉक्टर निवृत्त होत आहेत. जुने केस पेपर मिळतील का? — एक वाचक, सातारा

उत्तर : मागा, आणि लेखी मागा. रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. परंतु नोंदी तीन वर्षे जपण्याचे त्यांतले बंधन दाखल झालेल्या रुग्णांपुरते आहे, त्यामुळे बाह्यरुग्णांची जुनी कार्डे टिकली असतीलच असे नाही. म्हणून दवाखाना सुरू आहे तोवर एक निवांत वेळ घ्या आणि डॉक्टरांकडून एक पानभर सारांश लिहून घ्या : कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, सध्याची औषधे व त्यांचे प्रमाण, आणि कोणते औषध पूर्वी देऊन का बंद केले. यातला शेवटचा तपशील सहसा कोणत्याही रिपोर्टात सापडत नाही, तो त्यांच्याकडूनच मिळेल. पुढे कोणाकडे जावे, हेही त्याच भेटीत विचारा.