आजारपणात वर्ष गेलं, आता शिष्यवृत्तीही जाणार का?

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातली, अनुसूचित जमातीची विद्यार्थिनी. नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. चौथ्या सेमिस्टरमध्ये टीबी निघाला. सहा महिने औषधं चालली, परीक्षेला बसता आलं नाही, इयर डाऊन झालं. लाजेपोटी कॉलेजात फक्त ‘घरची अडचण आहे’ एवढंच सांगितलं होतं. आता पुन्हा दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतेय, तर ऑफिसात म्हणतात, ‘तू नापास आहेस, गॅपही आहे. महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) फॉर्म चालणार नाही, पूर्ण फी भर.’ वडील मजुरी करतात. होस्टेलसाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याबद्दलही बँकेतून विचारणा झाली. काय करू?

उत्तर : आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. तुम्ही नापास झालेल्या नाही, तुम्हाला परीक्षेला बसताच आलं नाही. या दोन्ही गोष्टींना शिष्यवृत्तीच्या नियमात वेगवेगळी तरतूद आहे आणि तुमचं सगळं प्रकरण या फरकावर उभं आहे.

तुम्हाला मिळते ती केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्या मार्गदर्शक सूचनांत नूतनीकरणाच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की आजारपणामुळे किंवा आधी कल्पना नसलेल्या दुसऱ्या एखाद्या कारणामुळे विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही, तर पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी शिष्यवृत्तीचं नूतनीकरण करता येतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली, वैद्यकीय दाखला किंवा संस्थाप्रमुखाचं समाधान होईल असा पुरावा. दुसरी, ‘परीक्षेला बसला असता तर हा विद्यार्थी उत्तीर्ण झाला असता’ असं संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र.

व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा नापास झाल्यावरही नूतनीकरणाची सवलत याच सूचनांत आहे. त्यामुळे क्लार्क कदाचित म्हणेल, ‘नापास म्हणूनच फॉर्म टाकू, काम होईल.’ ते मान्य करू नका. ती सवलत एकदाच मिळते. उद्या एखादा विषय खरोखरच अडला, तर तेव्हा हातात काही उरणार नाही. गुणपत्रिकेवर ‘गैरहजर’ आहे ना, मग कागदोपत्री तेच राहू द्या.

आता पुराव्याचं. आजार लपवलात याचा मी दोष देत नाही. टीबीचं नाव काढलं की होस्टेलमध्ये काय होतं ते आपण सगळे जाणतो. पण त्यामुळे कॉलेजच्या दप्तरी आज तुम्ही विनाकारण गैरहजर आहात, आणि ते आधी दुरुस्त व्हायला हवं. सुदैवाने टीबीच्या रुग्णाइतका तारीखवार पुरावा फार थोड्या आजारांत असतो. टीबी रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ‘निक्षय’ पोर्टलवर तुमची नोंद असणार, तिचा आयडी उपचाराच्या कार्डावर असतो. पोषण आहारासाठीचे सरकारी पैसे खात्यात आले असतील, तर पासबुकातल्या त्या नोंदी म्हणजे उपचार चालू असल्याचा सरकारी पुरावाच. त्या पानाची झेरॉक्स, उपचाराचं कार्ड, थुंकीचा किंवा एक्स-रेचा रिपोर्ट आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा, उपचार सुरू झाल्याची व संपल्याची तारीख लिहिलेला दाखला, एवढं गोळा करा.

हे सगळं बंद पाकिटात घालून, वर ‘गोपनीय’ लिहून, थेट प्राचार्यांच्या नावे द्या. सोबतचा अर्ज मात्र उघडा हवा. त्यात आजाराचं नाव घालायची गरज नाही, ‘वैद्यकीय कारण’ पुरेसं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. प्रमाणपत्राचा मसुदाही तुम्हीच जोडा, म्हणजे ‘कसं लिहायचं ते माहीत नाही’ हे कारण उरत नाही :

‘सदर विद्यार्थिनी वैद्यकीय कारणामुळे चौथ्या सत्राच्या परीक्षेस बसू शकली नाही. सादर केलेली वैद्यकीय कागदपत्रे मी पाहिली असून त्यांबाबत माझे समाधान झाले आहे. तिची आधीची शैक्षणिक प्रगती पाहता, ती परीक्षेस बसली असती तर उत्तीर्ण झाली असती, असे मी प्रमाणित करतो.’

आधीच्या तीन सत्रांच्या गुणपत्रिका याला जोडा, त्या वाक्याला आधार त्यांचाच आहे.

एक अडचण लपवून चालणार नाही. नियमात नूतनीकरण ‘करता येईल’ असं आहे, ‘केलंच पाहिजे’ असं नाही. म्हणजे निर्णय त्यांच्या अखत्यारीतला आहे. पण अखत्यारी म्हणजे मनमानी नव्हे. नकार द्यायचा तर कागदपत्रं पाहून, कारण लिहून द्यावा लागतो. खिडकीतून ‘चालणार नाही’ म्हणणं याला निर्णय म्हणत नाहीत. फीची मागणीही लेखी मागा, आणि नूतनीकरणाचा निर्णय होईपर्यंत फीसाठी प्रवेश अडवू नये अशी विनंती त्याच अर्जात करा. अर्जाची एक प्रत कॉलेज ज्यांच्या हद्दीत येतं त्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या, कारण फॉर्म पुढे त्याच विभागाच्या लॉगिनला जातो. महाडीबीटीची मुदत चालू असेल तर प्रमाणपत्राची वाट न पाहता फॉर्म भरून ठेवा.

तरीही दाद लागली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2023 चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम आहेत. शिष्यवृत्ती न मिळणं किंवा लांबणं ही त्यात तक्रारच धरली आहे. विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार केली की तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. त्यानंतर उच्च न्यायालय आहेच, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली. वकिलाच्या फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्री म्हणूनही आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती म्हणूनही तुम्हाला मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, 15100 वर फोन केलात तरी चालेल.

कर्जाचं त्या मानाने सोपं आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम वेळेत पुरा झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते, आणि परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. बँकेच्या संगणकात मात्र अजून तुमची जुनीच तारीख आहे. नव्या प्रवेशाचं बोनाफाईड आणि वैद्यकीय दाखला जोडून, अभ्यासक्रम संपण्याची सुधारित तारीख नोंदवा असा अर्ज शाखेत द्या. तो याच आठवड्यात द्या. खातं एकदा थकबाकीत गेलं की सहकर्जदार म्हणून वडिलांच्या नावालाही ते चिकटतं, आणि ते निस्तरणं शिष्यवृत्तीपेक्षा अवघड जातं.