लढाऊ विमानाच्या तोफेजवळ मुलगी काय करणार?

प्रश्न : मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीला होती. आता लढाऊ विमानांच्या तोफा तपासण्याच्या सरकारी कामासाठी तिची निवड झाली आहे. तोफ तिलाच उडवावी लागेल का? कान जातील का? पाहुण्यांना काय सांगायचं?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, ही तोफ हातात धरून कुणी उडवत नाही. ती बैठकीला जखडलेली, माणसं भिंतीआड, बटणही तिथंच. मी याच कामातून निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहतो, म्हणून सांगतो : दिवसभराच्या कामात बार म्हणजे किरकोळ भाग.

मिग-२१ वर असलेली, आता तेजसवर असलेली २३ मिमीची जीएसएच-२३ घ्या. दोन नळ्या, एकीच्या बारावर दुसरी भरते. वेग मिनिटाला ३,००० च्या वर गोळ्यांचा आणि मिगमध्ये गोळे २००. चार सेकंदांत खेळ खलास! त्यात अडकली तर वैमानिक कुठून हात घालणार? म्हणून ती कुठं अडकेल, कुठं तडकेल, हे जमिनीवरच शोधायचं.

त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं मुद्दाम उडवतात. मग तोफ सुटी करून धुतात, नळीला चुंबकत्व देतात, चमकणारी शाई ओततात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली बघतात. केसाएवढी भेग असली तरी हिरवी रेघ उजळते. माझं सगळ्यात आवडतं काम हेच. नवखा माणूस मात्र प्रत्येक रेघेला भेग म्हणतो; हत्याराचा ओरखडाही तसाच चमकतो. पुसायचं, पुन्हा शाई, पुन्हा बघायचं. नंतर गेज, म्हणजे मापं बरोबर आहेत का ते तपासायचं साधन, लावायचं. महिनाअखेरीला उत्पादनवाले “सही करा हो” म्हणत दारात उभे राहतात, ते तिने चिंचोळीत पाहिलंच असेल.

कानात बोळे आणि वरून मफ (पूर्ण कान झाकणारी झाकणं), दोन्ही घालायचे. कानांची तपासणीही वेळोवेळी करून घ्यायची. खरं सांगू? तुमच्याच चौकात यंत्रमागावर पाळीच्या पाळी उघड्या कानांनी उभ्या राहणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

पाहुण्यांना “सरकारी तपासनीस आहे” एवढं पुरे. कोणती तोफ, कुठं चाचणी, हे ती घरीही सांगणार नाही. खोदून विचारू नका. मी वर लिहिलंय ते पुस्तकांत छापून आलेलंच आहे.

रुजू होण्याआधी तिचे डोळे तपासून घ्या. जवळचं बारीक स्पष्ट दिसायला हवं. चष्मा असला तरी चालतं.